सासऱ्यांचा नांगर आणि मामांचं रुमणं

मी अत्यंत गांभीर्याने, डोक्यावरची टोपी काढून, आणि गुडघे ठीक असतील तर आपणा सर्वांना उभं राहायची विनंती करून जाहीर करतो, की मराठी भाषेतला एक शब्द जीविताला आणि मालमत्तेला धोकादायक आहे. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर कवटी आणि दोन हाडं रंगवलेली असतात, तशी या शब्दाच्या दोन्ही बाजूंना रंगवावीत. फोनवर तर तो उच्चारूच नये. तो शब्द म्हणजे नांगर.

शेतात जमीन उलथतो तो नांगर. आणि बोट पाण्यात जागच्या जागी धरून ठेवतो तोही नांगर. एक चालला तर कामाचा, दुसरा थांबला तर. या दोघांना एकच नाव देणारा गृहस्थ घाटावरचाही नसावा आणि कोकणातलाही नसावा. बोरघाटात त्याची गाडी बंद पडली असावी आणि मेकॅनिक येईपर्यंत त्याने हा उद्योग केला असावा.

माझी भोसरीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड आहे. चाकणच्या कंपन्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या, रॅक, सुटे भाग ठेवायचे पिंजरे, असलं काम. राहायला आम्ही रहाटणीत. पण बायको दर्यावरची, रत्नागिरीकडची. तिच्या माहेरी मासेमारीची बोट आहे. सासऱ्यांचा जन्म त्या बोटीवर गेला. आता बोट मेहुणा चालवतो, पण ती कधी बाहेर काढायची हे अजून सासरेच ठरवतात आणि ते ठरवताना कुणाचं तोंडही बघत नाहीत.

गेल्या मे महिन्यात सासरी जेवायला बसलो होतो. विषय निघाला बोटीच्या नांगराचा. खाडीच्या तोंडाशी त्याचा एक हात तुटला होता आणि बोट वाहत वाहत खडकापर्यंत गेली होती. मेहुण्याने बांबूने रेटून कशीबशी वाचवली. बंदरावरच्या वेल्डरने तो हात त्याआधी दोनदा जोडून दिलेला, दोन्ही वेळा त्याच जागी तुटला.

"नवा घेऊ या ना बाबा," मेहुणा म्हणाला.

"नवा मला ओळखत नाय," सासरे म्हणाले. "हा कुठं लागतो, कुठं सुटतो, ते मला घरात बसून कळतं. हा नीट झाल्याबिगर बोट पाण्यात जायची नाय."

म्हणजे ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होणार, गावातल्या सगळ्या बोटी जाणार आणि आमची बोट, तिच्यावरची सहा माणसं आणि मेहुणा किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजणार. आणि नेमका त्याच वेळी माझ्या ताटात तिसरा तळलेला पापलेट पडला. तिसऱ्या पापलेटाला माणूस बोलू नये ते बोलतो.

"लोखंडच आहे ना?" मी म्हणालो. "पाठवा भोसरीला. आम्ही लोखंडाला रडवतो."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुमच्याकडं नळाला दिवसाआड पाणी येतं. तुमी नांगर करणार?"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त बायको हसली, कारण पाण्याच्या वेळा तिला पाठ होत्या.

जुलैच्या मध्यात सासरे आमच्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. दोन आठवडे काळा चष्मा लावून आमच्या गॅलरीत बसले आणि समोरच्या सोसायटीची टाकी भरून वाहते की नाही यावर देखरेख ठेवली. डॉक्टर सांगवीत. शेवटची तपासणी ज्या दिवशी होती, त्याच दिवशी संध्याकाळी पाचला गावचा सुक्या मासळीचा टेम्पो त्यांना घेऊन परत जाणार होता. सकाळी येताना तोच टेम्पो नांगर माझ्या शेडवर टाकणार होता; बंदरावर तिसऱ्यांदा द्यायचा नाही म्हणून शेवटी सासऱ्यांनीच तो मागवला होता. मासेमारी तीन दिवसांवर आली होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, एवढ्यात नांगर झाला तर बोट निघणार, नाहीतर नाही.

आणि त्याच सकाळी मला चाकणला कंपनीत बोलावलं. आमच्या ट्रॉलीचं एक चाक चालताना रडतं अशी तक्रार होती. क्वालिटीवाल्या साहेबांनी मला मीटिंगमध्ये बसवून त्या रडण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ते चालू असतानाच मामांचा फोन आला.

मामा माझ्या शेडमधले सगळ्यांत जुने वेल्डर. तळेगाव दाभाड्याच्या पलीकडच्या गावचे, रोज लोकलने येतात. त्यांनी केलेल्या जोडावर घण घातला तर शेजारचं लोखंड तुटतं, जोड तुटत नाही. घरच्या शेताचे प्लॉट पडून त्यावर बंगले उभे राहिले, तरी बोलता बोलता त्यांचे हात बैलांचा कासरा धरल्यासारखे होतात. जन्मात त्यांनी समुद्र एकदाच पाहिला, कंपनीच्या सहलीत, आणि त्यांचं मत पडलं, "पानी लय हाय, पन प्यायच्या कामाचं न्हाई."

मी टेबलाखाली वाकून फोन घेतला.

"शेठ, टेम्पोवाला कायतरी टाकून गेलाय. वास मारतंय. पाच मांजरं जमलीत."

"मामा, तो आमच्या सासऱ्यांचा नांगर आहे," मी कुजबुजलो.

पलीकडचा ग्राइंडर थांबला. "काय म्हनला?"

"नांगर! गंजलाय, झिजलाय. टोक बोथट झालंय, ते नीट करा. खाली चांगलं घुसलं पाहिजे. आणि तुटलंय तिथला गंज पार काढा, मगच नवीन बसवा. मजबूत! पाचच्या आत."

मामांचा आवाज एकदम हळवा झाला. "शेठ, ह्या शेडमंदी कुनी नांगर आनंल असं मला वाटलं नव्हतं. तुमी काळजी सोडा. ह्ये माझं काम."

मला भरून आलं. साहेबांना वाटलं, चाकाचं ऐकून आलं.

साडेबाराला मी शेडवर पोचलो. दारातच उदबत्तीचा वास. आत मधोमध, दोन स्टँडांवर, तांबडा रंग लावलेली एक वस्तू उभी होती. तिला हळदकुंकू वाहिलं होतं. शेजारी मामा, टोपी सरळ केलेली, एक हात त्या वस्तूवर, फोटोला उभे असल्यासारखे.

आता हे नीट समजून घ्या, नाहीतर तुम्ही मामांना हसाल आणि ते मला चालणार नाही. बोटीच्या नांगराला एक लांब दांडा असतो. त्याच्या एका टोकाला कडी आणि दुसऱ्या टोकाला दोन बाजूंना दोन वाकडे हात, पुढे टोक असलेले. आमच्या नांगराचा एक हात तुटून नुसता खुंट राहिला होता. उरलेला हात खाली करून तो आडवा ठेवा. पुढे लांब दांडा, टोकाला बैलांची दोरी बांधायला कडी. खाली जमिनीत घुसणारं टोक, म्हणजे शेतकऱ्याचा फाळ. आणि मागे, वरच्या बाजूला, मोडलेला खुंट. शेतात वाढलेला कुठलाही माणूस शपथेवर सांगेल, की नांगर धरायची मूठ मोडली आहे. त्या मुठीला म्हणतात रुमणं.

मामांनी खुंटाला रुमणं बसवलं होतं. दीड इंची पाइप, सुंदर बाक दिलेला, आणि टोकाला कंपनीच्या ट्रॉलीची काळी रबरी मूठ. खालच्या टोकाला त्यांनी वेल्डिंगच्या कडक रॉडचा थर चढवून अशी धार लावली होती की तिच्यावर सुपारी कातरता आली असती.

"मूठ धरून बगा," मामा म्हणाले. "हाताला फोड येनार न्हाई."

मी मूठ धरली. खरं सांगतो, फार छान बसली होती हातात.

"मामा," मी म्हणालो, "याला शिंपले चिकटले होते, ते दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसलं की. म्हनलं, चुनखडीचं रान असंल."

"आणि मासळीचा वास?"

"कोकनात मासळीचं खत घालत्यात. आमाला काय ठावं न्हाई व्हय?"

"मामा, हा बोटीचा नांगर आहे. पाण्यात टाकायचा."

"पान्यात? पान्यात काय पेरत्यात?"

मी सगळं समजावून सांगितलं. एकेका वाक्याला त्यांची टोपी थोडी थोडी खाली येत गेली. शेवटी त्यांनी हॅंडग्लोव्हज काढून टेबलावर ठेवले. "शेठ, चूक झाली. आता ह्याला माझा हात लागनार न्हाई. दुसऱ्याला सांगा."

दुसरा होता कोण? मी पंधरा वर्षांपूर्वी वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवलाय. आता चष्मा लावला की काच दिसते आणि काढला की काहीच दिसत नाही. मी विनवण्या करत होतो, तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. तपासणी लवकर आटोपून सासरे दारात उभे. काळा चष्मा, धोतर, हातात औषधांची पिशवी.

मी धावलो आणि त्यांच्या व नांगराच्या मध्ये उभा राहिलो. माझी रुंदी तशी बरी आहे, पण रुमणं माझ्या डोक्यावरून दिसत होतं.

सासरे माझ्या बाजूने वळसा घालून पुढे गेले. चष्मा वर केला. नांगराभोवती एक फेरी मारली. कुंकवाला बोट लावून पाहिलं. रबरी मूठ दाबली. मग शांतपणे म्हणाले, "जावईबापू, यंदा समुद्राची नांगरट करायची ठरलीय काय?"

मी तोंड उघडलं, पण मामाच पुढे झाले. "त्यांचा दोष न्हाई. मी क्येलं. नांगर म्हनलं, नांगर क्येला."

"नांगर तुमी बघितलाय कधी?"

"बघितलाय?" मामांची टोपी जागेवर आली. "धा वर्सं धरलाय! तुमी सांगा, तुमचा नांगर करतो काय?"

"घट्ट धरून बसतो."

"चालत न्हाई?"

"चालला तर माणसं मरतात."

"आनि आमचा थांबला, तर बी मरत्यात!"

या वाक्यावर दोघांचंही मत जुळलं असावं, कारण सासरे एका पिंजऱ्यावर बसले आणि मामांनी त्यांना चहा सांगितला. मला सांगितला नाही.

चहा होईपर्यंत सासऱ्यांनी त्या टोकाच्या धारेवरून अंगठा फिरवला. "काम मात्र झकास हाय. ही मूठ काढा, आणि ह्या हातासारखाच दुसरा हात इथं लावा. जमंल?"

मामांनी टेबलावरचे हॅंडग्लोव्हज पुन्हा घातले.

रुमणं कापताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं, एवढं मी पाहिलं. मग खरा प्रकार उघडा पडला. मामांनी रुमणं बसवण्यापुरता वरचा गंज काढला होता. आता ग्राइंडर आत घातला तर बंदरावरच्या जुन्या वेल्डिंगच्या थराखाली आणखी एक थर, त्याखाली गंज, त्याखाली रंग, आणि सगळ्यांत खाली एक छोटी शिंपली, व्यवस्थित वेल्ड करून बंद केलेली.

"गंजावर वेल्डिंग म्हंजी अंघुळ न करता अत्तर," मामा म्हणाले. सासऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

नव्या हातासाठी मी भंगारातून ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा काढून आणला. जाड, मजबूत. मामांनी त्याच्यावर हातोडी मारून आवाज ऐकला आणि तो माझ्याकडे परत सरकवला. "ह्ये लय कडक. जोडापाशी तडकंल. साधं लोखंड आना, शेठ." माझ्याच शेडमध्ये, सासऱ्यांसमोर. सासऱ्यांनी माझ्याकडे बघून फक्त चष्मा नीट केला.

साधी गोल सळई आणली. सासऱ्यांनी खडूने जमिनीवर हाताचा आकार काढला, एका डोळ्याने, विती मोजत. मामांनी त्यावर फूटपट्टी लावली आणि ती खिशात ठेवून दिली, लागलीच नाही. गॅसच्या ज्योतीवर सळई लाल करून त्या खडूच्या रेघेवर वाकवली. टोकाला जाड पत्र्याचं पातं. मग दांड्याला दोन्ही बाजूंनी तिरकी खाच पाडली, पांढरं स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत. भट्टीत वाळवलेले रॉड काढले. जोडाची जागा गॅसने शेकली. आणि मामा बसले.

एक थर, मग वरची काळी खपली ठोकून झाडायची, ब्रशने घासायचं, मग दुसरा थर. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, म्हणजे हात ओढून वाकडा होत नाही. सासऱ्यांना ज्योतीकडे बघायची डॉक्टरांची मनाई, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि नुसता आवाज ऐकत होते. मध्येच म्हणाले, "आता बरोबर चाललंय. बंदरावर फटाफट वाजायचं. हे कसं, बांगडा तळल्यासारखं."

"ह्यास्नी समजतंय," मामा मला म्हणाले. म्हणजे मला समजत नाही, हे त्यात आलंच.

पावणेचारला शेवटचा थर झाला. तेवढ्यात टेम्पोवाला हजर. तो बोटीवरच्याच एका खलाशाचा भाऊ, घाईत. लाल जोड बघून त्याने सरळ पाण्याची बादली उचलली. "गार करतो ना. शेवटी समुद्रातच जायचाय!"

मामा असे ओरडले की मांजरं पळाली. "ए! ठेव बादली! पानी वतलंस तर काचंसारखा फुटंल!"

त्यांनी तो जोड कोरड्या चुन्यात पुरला, वरून पोती टाकली. बाळंतिणीसारखा. सासरे शेजारी बसून राहिले. चुना बघायचा, घड्याळ बघायचं, पुन्हा चुना. पाच वाजले. टेम्पोवाला किल्ली वाजवायला लागला. बायकोचा फोन: "झालं का? बाबा काय म्हणाले?" मी म्हणालो, "अजून काहीच नाही." ती म्हणाली, "अरे देवा."

साडेपाचला नांगर बाहेर निघाला. दोन हात, दोन्ही सारखे. मामांनी जोडावर घण घातला, घंटेसारखा वाजला. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"वाजतो बरा," ते म्हणाले. "धरतो काय ते बघायला पायजे."

"बाबा, इथे कुठे बघणार? समुद्र—"

"जमीन हाय ना? तळाला बी जमीनच असते."

शेडच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. पावसाने काळी माती लोण्यासारखी झालेली. या नांगराच्या दांड्याला वरच्या बाजूला एक आडवा दांडा लागतो, म्हणजे तो कसाही पडला तरी एक हात जमिनीकडे होतो. तो दांडा गावीच राहिला होता. मामा आत गेले आणि कापून ठेवलेलं रुमणं घेऊन आले. बाक सरळ केला, रबरी मूठ तशीच ठेवून, नांगराच्या दांड्याला कडीपाशी असलेल्या भोकातून आरपार घातलं. साखळी कडीला, साखळीचं दुसरं टोक टेम्पोच्या मागच्या हुकाला. टेम्पो उभा होता प्लॉटच्या कडेच्या खडीवर.

"हळू घे," सासरे म्हणाले.

टेम्पो निघाला. साखळी ताणली गेली. नांगर कुशीवर वळला, नव्या हाताचं टोक मातीत गेलं, आणि नांगर टेम्पोमागून सरळ चालायला लागला. मागे काळ्या मातीची झकास सरी पडत गेली, सरळ, एकसारखी.

"चालला!" मामा नाचायलाच लागले. "बगा, बगा, कसा चाललाय! आरं वा रं पठ्ठ्या!"

पण हा बोटीचा नांगर. चालला म्हणजे सुटला. बोट किनाऱ्यावरच राहणार. सासऱ्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता, डॉक्टरांची मनाई असताना. त्यांचे ओठ हलत होते. हात, दोन हात, तीन हात असं काहीतरी मोजत होते.

आणि मग नांगराने मान खाली घातली. दुसरं काही नाही. फक्त दांडा खाली झाला आणि ते टोक आत, आणखी आत गेलं. साखळी थरथरली. टेम्पोची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, खडी आमच्या पायांवर उडाली. टेम्पोवाल्याला काही कळेना. त्याने आणखी दाबलं. इंजिन किंचाळलं, धूर झाला, आणि टेम्पोच्या मागच्या बंपरचा एक बोल्ट टणकन उडून माझ्या कानाजवळून गेला. नांगर तसूभर हलला नाही. त्याच्या नव्या जोडावरून मामांची नजर फिरत होती.

मी सासऱ्यांकडे वळलो. वीस वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि आता तरी काहीतरी म्हणतील म्हणून मी चेहरा नम्र करून तयार ठेवला होता. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. धोतर एका हाताने वर धरून, अनवाणी, त्या चिखलातून टेम्पोच्या दिशेने पळत सुटले होते आणि दुसरा हात हवेत फिरवत जिवाच्या आकांताने ओरडत होते,

"आरे इंजिन बंद कर! सोड, सोड साखळी! बोट फुटंल माझी!"